सायलेन्सरमधून पाणी, मग टाकीत काय?

प्रश्न : मी हडपसरला साडेसतरानळी भागात राहते. आमच्या भागातल्या कचऱ्यापासून हायड्रोजन तयार करणार, असं मध्यंतरी वर्तमानपत्रात आलं होतं. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसच्या सायलेन्सरमधून म्हणे नुसतं पाणी येतं. म्हणजे ही बस पाण्यावर चालते का? तिच्यात बॅटरीही असते, असं भाचा सांगतो. मग तिला इलेक्ट्रिक म्हणायचं की हायब्रिड? सासूबाईंना तर हायड्रोजन म्हटलं की बॉम्बच आठवतो. शिवाय भेकराईनगरच्या डेपोत चार्जिंगच्या बस असताना हा नवा खटाटोप कशासाठी? आणि शेवटचं, आम्हाला यंदा गाडी घ्यायची आहे. हायड्रोजनची येईपर्यंत थांबावं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : एका पोस्टकार्डात तुम्ही पाच प्रश्न बसवले आहेत आणि पाचही रास्त आहेत. सासूबाईंच्या शंकेसकट सगळे एकेक करून घेऊ.

पहिला प्रश्न पाण्याचा. जे बाहेर पडतं तेच आत भरलं असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे ते लागू पडत नाही. बसच्या टाकीत भरतात तो हायड्रोजन वायू. हवेतला ऑक्सिजन त्याला मिळाला की पाणी तयार होतं आणि त्या मिलनात ऊर्जा मोकळी होते. म्हणजे पाणी बाहेर येतं तेव्हा हायड्रोजनकडे देण्यासारखं होतं ते देऊन झालेलं असतं. त्याच पाण्याचा पुन्हा हायड्रोजन करायचा तर दिली तेवढी, प्रत्यक्षात त्याहून जास्त, ऊर्जा परत घालावी लागते. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ शोधल्याचे दावे दर काही वर्षांनी होतात आणि विरून जातात, ते याच हिशेबामुळे.

मग टाकीतला हायड्रोजन बस जाळते का? नाही. या बसमध्ये इंजिन नसतं, फ्युएल सेल असतो. त्याची रचना अशी : मध्ये एक अगदी पातळ पडदा आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमच्या बारीक कणांचा थर. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. प्लॅटिनमपाशी हायड्रोजनचा अणू फुटून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. इलेक्ट्रॉनला पलीकडे जायचं तर तारेतून वळसा घालूनच जावं लागतं, आणि तारेतून इलेक्ट्रॉन वाहू लागले म्हणजे वीज झाली. त्या विजेवर मोटर फिरते. पलीकडे हवेतला ऑक्सिजन, पडद्यातून आलेले प्रोटॉन आणि वळसा घालून आलेले इलेक्ट्रॉन एकत्र येऊन पाणी बनतं. ज्वाला नाही, धूर नाही, वरखाली होणारा दट्ट्या नाही. ही कल्पना नवीही नाही. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ मध्येच अशी वीज मिळवून दाखवली होती. पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत फ्युएल सेलच वीज पुरवत आणि त्यातून निघालेलं पाणी अंतराळवीर पीत.

असा एक सेल चालू असताना जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलच्या निम्मासुद्धा नाही. म्हणून असे शेकडो सेल एकावर एक रचून त्यांची चळत करतात, तिला ‘स्टॅक’ म्हणतात. ही चळत कशी बांधायची, यातच या विषयातलं निम्मं संशोधन आहे. त्यातलं महत्त्वाचं काम तुमच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, पाषाणला झालं आहे.

२०१६ मध्ये पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तमिळनाडूतल्या कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आणि हिंजवडीची केपीआयटी कंपनी यांनी गाडीत बसेल असा फ्युएल सेल देशातच तयार करायचं ठरवलं. रसायनाचा भाग, म्हणजे पडदा आणि त्यावरचे थर, प्रयोगशाळांनी सांभाळला. चळतीची बांधणी, धातूच्या पट्ट्या, गॅस्केट आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअर कंपनीने पाहिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात त्यांची गाडी धावली. बॅटरीवर चालणारी एक मोटार घेऊन तिच्यात १० किलोवॉटचा स्टॅक बसवला होता. दोन सेलमधल्या धातूच्या पट्ट्या त्यांनी इतक्या पातळ केल्या, की स्टॅकचं वजन सुमारे दोन तृतीयांशाने कमी झालं. २१ ऑगस्ट २०२२ रोजी याच मंडळींची बस केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी पुण्यात लोकांपुढे आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, केपीआयटीचं फ्युएल सेल तंत्रज्ञान वापरणाऱ्या एका प्रवासी नौकेचं उद्घाटन झालं; ती वाराणसीसाठी होती. पुण्यातल्या प्रयोगशाळेत सुरू झालेलं काम गंगेवर पोचलं, याचा मला फार आनंद वाटतो.

२०२० च्या त्या मोटारीचे आकडे थोडे उलगडून पाहा, म्हणजे सगळा हिशेब डोळ्यांसमोर येईल. तिच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन मावत होता आणि मध्यम वेगाने ती सुमारे २५० किलोमीटर जाईल, असा अंदाज होता. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच. पावणेदोन किलोचे झाले ५८ युनिट. फ्युएल सेल त्यातल्या निम्म्याच्या आसपास ऊर्जेची वीज करतो, म्हणजे २९ युनिट. बाकीची उष्णता होऊन जाते. आणि पाणी? एक किलो हायड्रोजन आठ किलो ऑक्सिजन घेऊन नऊ किलो पाणी बनवतो. म्हणजे अख्ख्या २५० किलोमीटरांत पंधरा-सोळा लिटर, तेही बरंचसं वाफेच्या रूपात. फोटोत दिसते तशी सायलेन्सरखाली धार लागत नाही.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे येऊ. त्याचं बरोबर आहे, बसमध्ये बॅटरी असते. फ्युएल सेलला एका संथ लयीत वीज देणं मानवतं. हडपसरच्या गाडीतळावर सिग्नल सुटला, बस जोरात निघाली, पन्नास मीटरवर पुन्हा थांबली, असं दिवसभर चाललं तर विजेची मागणी क्षणाक्षणाला वर-खाली होते. तेवढ्या चपळाईने वायू आणि हवा पुरवणं पंपांना जमत नाही, आणि अशा हिसक्यांनी पडदा आणि प्लॅटिनम लवकर झिजतात. म्हणून मध्ये बॅटरी ठेवतात. तुमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी बारीक धारेने येत असलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकाच वेळी होतात ना, तसंच हे काम आहे. शिवाय एक गोष्ट फ्युएल सेलला करताच येत नाही : वीज परत घेणं. ब्रेक लावताना मोटर उलटी वापरली की ती जनित्र होऊन वीज निर्माण करते. ती वीज साठवायला बॅटरीच लागते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. चाकं फक्त मोटर फिरवते म्हणून ती इलेक्ट्रिक, आणि विजेचे दोन स्रोत आहेत म्हणून हायब्रिडही. किती भार सेलने उचलायचा आणि किती बॅटरीने, हे दर क्षणाला ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. हायब्रिड गाड्यांवर झालेलं काम इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं.

बातम्यांत एक घोळ वारंवार होतो, तोही सांगून ठेवतो. ‘हायड्रोजनची गाडी’ दोन प्रकारची असते. एक ही फ्युएल सेलची. दुसरीत खरोखरच इंजिन असतं आणि ते डिझेलऐवजी हायड्रोजन जाळतं. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या १६ ट्रकांची चाचणी सुरू झाली, त्यांत दोन्ही प्रकारचे ट्रक आहेत आणि चाचणीच्या मार्गांत मुंबई-पुणे परिसरही आहे. इंजिनवाल्या ट्रकमधून कर्बवायू जवळपास येत नाही, पण ज्वालेच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन जळून थोडे घातक वायू तयार होतात. ‘फक्त पाणी’ हे वर्णन पूर्णार्थाने फ्युएल सेललाच शोभतं.

मग अडलंय कुठे? बऱ्याच ठिकाणी, आणि त्यातल्या काही अडचणी आपल्या हवामानाच्या आहेत. मघाशी सांगितलेला पाषाणचा स्टॅक ६५ ते ७५ अंश तापमानाला चालतो. डिझेल इंजिनचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, त्यामुळे बाहेरच्या हवेला उष्णता देणं त्याला सोपं जातं. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात चाळीस अंश झालं, की फ्युएल सेल आणि हवा यांच्यात जेमतेम तीस अंशांचा फरक उरतो. तेवढ्यात निम्मी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकायची, तर रेडिएटर मोठा लागतो. पडद्याचंही एक पथ्य आहे. तो ओलसर राहिला तरच प्रोटॉन त्यातून जातात. कोरडा पडला तर वीज कमी होते, पाणी साचलं तर हवेची वाट बुजते. पावसाळी दमट हवा आणि मार्च महिन्यातली कोरडी हवा, दोन्हींत तोल राखावा लागतो. त्यात आपल्या रस्त्यांची हवा. धूळ गाळणीने अडते, पण डिझेलच्या धुरातली गंधकाची संयुगं प्लॅटिनमला चिकटून बसतात आणि तो निकामी होत जातो. सोलापूर रस्त्यावर पुढे धूर सोडणारा ट्रक असताना मागच्या बसचा फ्युएल सेल तीच हवा आत घेणार आहे. म्हणून केवळ थंड देशांतले स्टॅक आणून भागणार नाही. इथल्या उन्हात, इथल्या धुळीत तपासलेले स्टॅक हवेत, आणि पाषाणच्या कामाचं मोल मला त्यातच दिसतं.

सासूबाईंना सांगा, बॉम्बचा आणि याचा संबंध नाही. हायड्रोजन बॉम्बमध्ये अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळतात. त्यासाठी कोट्यवधी अंश तापमान लागतं आणि ते निर्माण करायला आधी एक अणुबॉम्बच फोडावा लागतो. बसच्या टाकीत तसं काही घडू शकत नाही. पण काळजी करण्यासारखं काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. पुण्यातल्या त्या मोटारीत हायड्रोजन ३५० बार दाबाने भरला होता. तुमच्या दारातल्या सीएनजी रिक्षाच्या सिलिंडरमध्ये दाब २०० बार असतो. हायड्रोजन फार सहज पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. त्याला वासही नाही. घरच्या गॅसला आपण मुद्दाम उग्र वास घालतो, कारण गळती कळावी. इथे ती सोय नाही, कारण वासासाठी वापरतात त्या द्रव्यात गंधक असतं आणि गंधकाने प्लॅटिनम खराब होतो. म्हणून बसमध्ये जागोजागी गळती ओळखणारे सेन्सर लागतात. जमेची बाजू ही, की हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका आहे. उघड्यावर गळला तर तो झपाट्याने वर निघून जातो, पेट्रोलसारखा खाली साचत नाही. म्हणूनच टाक्या बहुधा बसच्या टपावर असतात. छत बंद असलेल्या शेडमध्ये मात्र तोच गुण धोक्याचा ठरतो, आणि डेपो बांधताना छतापाशी हवा खेळती ठेवावी लागते.

आता कचऱ्याचा विषय. तो तुमच्या अगदी जवळचा. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोपायी पूर्व पुण्याने काय सोसलं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. २०२३ मध्ये जाहीर झालेली योजना अशी होती : महापालिकेने ‘द ग्रीन बिलियन्स’ या कंपनीशी ३० वर्षांचा करार करायचा, हडपसर औद्योगिक वसाहतीत रोज ३५० टन कचऱ्यावर प्रक्रिया करायची, आणि टप्प्याटप्प्याने रोज सुमारे १० टन हायड्रोजनपर्यंत मजल मारायची. १० टन म्हणजे किती? शहरातल्या मोठ्या बसला शंभर किलोमीटरला साधारण ८ किलो हायड्रोजन लागतो. दिवसाला २०० किलोमीटर धरले तर एका बसला १६ किलो. म्हणजे सहाशेच्या घरात बस चालतील एवढा वायू झाला. हे गणित कागदावर सोपं आहे. कारखान्यात ते कठीण का, ते पाहा.

ओला कचरा बाजूला काढून कागद, कापड, प्लॅस्टिक असा सुका भाग वाळवून बारीक करतात. तो अपुऱ्या हवेत फार तापवला की जळण्याऐवजी त्याचा वायू होतो. त्यात हायड्रोजन असतो आणि कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्या मोनॉक्साइडवर वाफ सोडून आणखी हायड्रोजन मिळवतात. पण फ्युएल सेलला मोनॉक्साइड अजिबात चालत नाही, तो प्लॅटिनमची जागा अडवून बसतो. गाड्यांच्या हायड्रोजनसाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण सांगतं, की दहा लाख भागांत मोनॉक्साइड ०.२ भागांपेक्षा जास्त नको. आणि कचरा तर रोज वेगळा असतो! पावसाळ्यात भिजलेला, दिवाळीत पुठ्ठ्यांनी भरलेला. अशा मालातून इतका शुद्ध वायू रोज काढत राहणं, ही खरी कसोटी आहे. तुमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा ठेवण्याचा जो आग्रह धरतात, त्याचा या शुद्धतेशी थेट संबंध आहे. आणखी एक बाब प्रामाणिकपणे मांडायला हवी. कचऱ्यातलं प्लॅस्टिक खनिज तेलापासून बनलेलं असतं, त्यामुळे त्यातून कर्बवायू निघतोच. तरीही उघड्यावर कुजणाऱ्या ढिगापेक्षा मला हा मार्ग पसंत आहे.

तसा जगात आज तयार होणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. नैसर्गिक वायूपासून किलोभर हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कर्बवायू बाहेर पडतो. म्हणून ‘बस शून्य प्रदूषण करते’ हे वाक्य रस्त्यापुरतंच खरं. वायू कुठून आला ते विचारल्याखेरीज पुढचं सांगता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली, ती सौर आणि पवन विजेने पाण्याचं विघटन करून हा वायू मिळवता यावा म्हणूनच. पुण्यातच आघारकर संशोधन संस्था आणि केपीआयटीच्या मंडळींनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्याची पद्धतही विकसित केली आहे.

आणि इथेच भेकराईनगरच्या बसचा प्रश्न येतो. वीज हातात असेल तर तिचा हायड्रोजन का करायचा, सरळ बॅटरी का भरायची नाही? हिशेब बॅटरीच्या बाजूने आहे. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढून तो दाबून भरायला ५५ युनिटच्या आसपास वीज खर्च होते, आणि फ्युएल सेलमधून परत मिळते सोळा-सतरा युनिट. तीच ५५ युनिट वीज बॅटरीत घातली तर पंचेचाळीसच्या आसपास चाकांपर्यंत पोचते. तुमच्याकडची बस दिवसभर हडपसर-स्वारगेट करते आणि रात्री डेपोत परतते. तिला चार्ज व्हायला रात्र मोकळी आहे, वाट ठरलेली आहे, अंतर बेताचं आहे. अशा बससाठी माझं मत बॅटरीलाच आहे. २०१९ पासून भेकराईनगरने धरलेली वाट योग्यच आहे.

पण त्याच सोलापूर रस्त्यावरून जाणारे अवजड ट्रक पाहा. पाचशे किलोमीटर न थांबता जायचं तर अशा ट्रकला चार-पाच टन वजनाची बॅटरी लागेल. तेवढा माल कमी घ्यावा लागेल, आणि चार्जिंगला तासन्‌तास उभं राहावं लागेल. तेवढ्याच अंतराला हायड्रोजन लागतो चाळीस-पंचेचाळीस किलो, टाक्यांसकट वजन एक टनाच्या आसपास, आणि भरायला लागणारा वेळ मिनिटांत मोजता येतो. ऊर्जेचा तोटा सोसूनही तिथे फ्युएल सेल परवडू शकतो. हायड्रोजनची जागा हडपसरच्या चौकात नसून लोणी काळभोरच्या पुढे, लांबच्या रस्त्यावर आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

राहिला गाडीचा प्रश्न. थांबू नका. घरगुती गाडीत भरायला हायड्रोजनचे पंप तुमच्या भागात नजीकच्या काळात येण्याची चिन्हं नाहीत. हायब्रिड मात्र दुकानात उभी आहे. तिच्यात पेट्रोल इंजिन, मोटर आणि छोटी बॅटरी असते. पेट्रोल इंजिन रेंगाळत्या रहदारीत सर्वात जास्त इंधन वाया घालवतं. तेव्हा हायब्रिड ते बंद ठेवून मोटरवर चालते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवते. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला लिटरला २७.९७ किलोमीटर असा प्रमाणित आकडा मिळाला होता. हा आकडा ठरावीक चाचणीतला असतो, रस्त्यावर तो कमीच पडतो. तुमच्या पुण्यात याआधीही एक प्रयत्न झाला होता. २०१० मध्ये केपीआयटीने जुन्याच गाडीला बसवता येईल असा ‘रेवोलो’ नावाचा हायब्रिड संच दाखवला आणि तो बनवण्यासाठी तुमच्या शेजारच्या मुंढव्यातल्या भारत फोर्जशी भागीदारी केली. तो घरोघरी पोचला नाही, पण मोटर, बॅटरी आणि नियंत्रणाचं जे ज्ञान त्या घडीला पुण्यात जमू लागलं, ते पुढच्या कामांना हवंच होतं.

गाडी निवडताना दोन गोष्टी बघा. विक्रेता नुसतं ‘हायब्रिड’ म्हणाला तर ती स्ट्राँग आहे की माइल्ड, ते विचारा. माइल्डमधली मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, गाडी एकटी चालवू शकत नाही, त्यामुळे बचतही थोडीच होते. दुसरं, तुमचं रोजचं जाणं-येणं मगरपट्टा, फातिमानगर, स्वारगेट असं रहदारीतलं असेल तर स्ट्राँग हायब्रिडचा जादा खर्च काही वर्षांत भरून निघण्याची शक्यता चांगली. दर आठवड्याला सोलापूरला जाणं असेल तर मोकळ्या रस्त्यावर इंजिनच चालू राहतं आणि फायदा बराच घटतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय होत असेल आणि गाडी मुख्यतः शहरातच फिरणार असेल, तर हायब्रिडच्या आधी सरळ बॅटरीवरची गाडी चालवून बघा.